हललेले दात आणि मशीनवरचा आळ

(संत गाडगेबाबांच्या पुण्यतिथीनिमित्त अमरावती येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



अशा व्यासपीठांवरून शेती, पाणी, शिक्षण, संतसाहित्य असे भारदस्त विषय मांडले जातात. मी दातांवर साचलेल्या किटणाबद्दल बोलणार आहे. विषय सांगितला तेव्हा संयोजक फोनवर जरा गप्प झाले, मग म्हणाले, "मॅडम, तासभर पुरेल ना?" पुरेल. उरेलसुद्धा.

शेंडगावात १८७६ साली जन्मलेला आणि मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढलेला गाडगेबाबा नावाचा हा माणूस २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ गेला. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं, हा त्यांचा क्रम आपल्याला पाठ आहे. त्यांचं कीर्तन म्हणजे एकतर्फी निरूपण नसे. ते समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. मीही तेच करते. सगळ्यांनी तोंड मिटा. जिभेचं टोक खालच्या पुढच्या चार दातांच्या मागच्या बाजूला न्या आणि इकडून तिकडे फिरवा. प्रत्येक दात वेगळा लागला, मधली खाच कळली, तर उत्तम. खरबरीत लागलं, चारही दात एकात एक मिसळून गेल्यासारखे वाटले, तर ते टार्टर आहे. पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघांच्या चेहऱ्यावरून मला उत्तर कळलंच.

टार्टर नेमकं तिथंच का साचतं? जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं खालच्या पुढच्या दातांच्या मागे उघडतात. दुसरी मोठी लाळग्रंथी कानापुढे असते. तिची नळी गालातून येऊन वरच्या दाढांसमोर उघडते. त्यामुळे वरच्या दाढांची गालाकडची बाजू ही टार्टरची दुसरी ठरलेली जागा. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं. ते दातांसाठी चांगलंच, पण दातावर किटणाचा थर बसलेला असला तर तेच क्षार त्या थरात उतरतात आणि थर दगडासारखा होतो.

हे एवढं खोलात सांगायचं कारण आपल्याकडचा एक ठाम समज. मी अकोल्यात दवाखाना चालवते. अकोट, तेल्हारा, बाळापूर, इकडून दर्यापूर, म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली माणसं माझ्याकडे येतात. खुर्चीत बसल्याबसल्या पहिलं वाक्य ठरलेलं: "मॅडम, आमच्याकडलं पानी लय खारं हाये. त्याच्यानंच दातायवर हे असं चढलं." हंड्याच्या आत पांढरा थर धरतो, तसाच दातावर धरला असणार, हा त्यामागचा तर्क. तर्क सुचायला सोपा आहे, पण चूक आहे. टार्टरमधले क्षार येतात ते लाळेतून; हिरडीखाली जे साचतं, त्यातले हिरडीतून पाझरणाऱ्या द्रवातून. पाण्याची चव खारी असो की मचूळ, किटण रोज निघालं तर दगड व्हायला काही उरतच नाही. खाऱ्या पाण्यानं मूत्रपिंडांचं काय होतं, हा गंभीर आणि वेगळा विषय आहे. दातांचा गुन्हा मात्र पूर्णेच्या नावावर घालू नका.

किटण म्हणजे काय, हे पहिल्यांदा पाहिलं ते हॉलंडमधल्या एका कापडाच्या व्यापाऱ्यानं. लेव्हेनहूकनं १६८३ मध्ये स्वतःच्या दातांमधला पांढरा लगदा खरवडून घरी बनवलेल्या भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. मग त्यानं केलेला एक प्रयोग मला त्याच्या शोधाहून जास्त आवडतो. त्यानं कडक व्हिनेगरनं चुळा भरल्या आणि पुन्हा खरवडून पाहिलं, तर जीव तसेच वळवळत होते. लगदा बाहेर काढून त्यात व्हिनेगर मिसळलं, तेव्हा मात्र मेले. म्हणजे चूळ थराच्या आत पोचतच नाही. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी त्याला हे कळलं होतं आणि आजही लोक माउथवॉशच्या बाटल्या रिकाम्या करून येतात.

हा ओला, मऊ थर ब्रशनं सहज निघतो. तो तसाच राहिला तर काही दिवसांतच त्यात क्षार बसू लागतात, आणि दोनेक आठवड्यांत त्याचा बराचसा भाग दगड झालेला असतो. मग ब्रश चालत नाही. मोबाइलवर फिरणारं लिंबू आणि खायच्या सोड्याचं औषध तर नकोच. टार्टर मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचं असतं, आणि दाताचं बाहेरचं कवचही कॅल्शियम फॉस्फेटचंच असतं. एक विरघळवणारं आम्ल दुसऱ्याला सोडेल कसं? बाजारात बसून तेजाबासारखं काहीतरी लावून दोन मिनिटांत दात पांढरेशुभ्र करून देणारे असतात. ते टार्टरबरोबर दातही नेतात. पुढचा महिनाभर माणूस गार पाणी पिऊ शकत नाही.

आता थोडं शास्त्र, पण गोष्टीसारखं. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना, त्यात बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. इतका साधा प्रयोग. त्याआधी हिरड्यांचे आजार वयामुळे होतात, जीवनसत्त्वांच्या कमतरतेमुळे होतात, अशा चर्चा चालत. या प्रयोगानं बोट नेमकं किटणावर ठेवलं. रोज किटण राहतं, म्हणून हिरडी सुजते, म्हणून रक्त येतं. आणि रक्त आलं म्हणून माणूस घाबरून घासणं कमी करतो! माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची वर्षानुवर्षांची हेळसांड इथूनच सुरू झालेली असते. आळस हे कारण मला फार कमी वेळा सापडतं.

पण टार्टर वर्षानुवर्षं राहिलं तर पुढे काय होतं? याचं उत्तर त्याच लो यांनी श्रीलंकेच्या चहामळ्यांत शोधलं. १९७० पासून पुढे १५ वर्षं त्यांनी ४८० पुरुष मजुरांचं तोंड पुन्हापुन्हा तपासलं. या मजुरांना दंतवैद्य माहीत नव्हता, ब्रशही नव्हता. सगळ्यांच्या दातांवर टार्टरचे थर होते. तरी सगळ्यांचं सारखं झालं नाही. ८ टक्के मजुरांचं दाताभोवतालचं हाड झपाट्यानं झिजलं आणि तरुणपणीच दात गेले. ८१ टक्क्यांचं मध्यम गतीनं झिजलं. आणि ११ टक्के असे निघाले की त्यांचा आजार हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलाच नाही.

हे ११ टक्के आपल्याला चांगले ओळखीचे आहेत. प्रत्येक घरात एक आजोबा असतात: "मी तं जिंदगीत ब्रश धरला नाही, राखुंडीनं दात घासले, पाहा अजून हरभरे फोडतो." मला आजोबांचा आदर आहे. पण ते अकरात आहेत, आणि त्यांचा नातू त्या आठांत आहे की नाही, हे आजोबांच्या हरभऱ्यावरून कळत नाही. पन्नाशीच्या आत दात हलू लागलेल्या माणसाला आम्ही म्हणूनच विचारतो, आईवडिलांचे दात लवकर गेले होते का?

आता मुख्य गोष्टीकडे येते. वऱ्हाडात हिरड्यांच्या उपचाराला सगळ्यांत मोठा अडथळा पैशांचा नाही. तो या वाक्याचा आहे: "मशीननं दात साफ केले की दात ढिल्ले होते." हे वाक्य बसमध्ये, जिनिंगच्या आवारात, लग्नाच्या पंगतीत फिरतं. ते खोटं आहे एवढं म्हणून आम्ही डॉक्टर मोकळे होतो. पण लोक काही डोळे मिटून बोलत नाहीत. त्यांनी खरोखर पाहिलेलं असतं: काका दवाखान्यात गेले, दात साफ करून आले आणि पंधरा दिवसांत दात हलायला लागला. जे दिसलं ते खरं आहे, फक्त त्याचं कारण चुकीचं लावलं गेलं आहे.

असं एक तोंड तुमच्यापुढे उघडते. साठीतला शेतकरी, कापसाचे पैसे हातात आल्यावर सुनेनं आग्रहानं आणलेला. खालच्या पुढच्या सहा दातांच्या मागे टार्टरचा सलग पट्टा, पिवळट, वर तपकिरी, इतका जाड की जिभेला जागा कमी पडत होती. हिरडी कधीच खाली सरकलेली. मोजपट्टीसारख्या खुणा असलेली बोथट सळई आम्ही हिरडी आणि दात यांच्यामध्ये हलकेच उतरवतो. निरोगी हिरडीत ती एक ते तीन मिलिमीटर जाते. इथं ती सात मिलिमीटर गेली आणि रक्त आलं. एक्स-रेत दिसलं की मुळाभोवतालचं निम्म्याहून अधिक हाड गेलेलं. म्हणजे दात हलायलाच हवे होते, आणि ते आतून हललेलेच होते. त्यांना एकमेकांशी जखडून ठेवलं होतं ते त्या पट्ट्यानं. वाळवी लागलेल्या खांबाला बाहेरून गिलावा असला की खांब उभा दिसतो. गिलावा काढणाऱ्यानं खांब पोखरला, असं कुणी म्हणेल का? दातांच्या बाबतीत मात्र म्हणतात.

यंत्राचं टोक लावल्यावर त्या पट्ट्यातला एक मोठा तुकडा टक्कन सुटून ताटलीत पडला. पालथा करून दाखवला, तर आतल्या बाजूनं दातांच्या पाठीचा साचा उमटलेला. ते बराच वेळ तुकड्याकडे पाहत राहिले, मग आरशात. "हे तं फटी पडल्या जी! अगुदर तं नव्हत्या." होत्या, भरलेल्या होत्या. हिरडी आधीच खाली गेली होती, रिकाम्या जागेत दगड बसला होता, तो निघाल्यावर जागा दिसली. सूज उतरली की हिरडी आणखी थोडी आवळून बसते, फट आणखी दिसते, आणि उघडं पडलेलं मूळ गार पाण्याला झणझणतं. हे सगळं उपचार सुरू होण्याआधी सांगायचं असतं. आधी सांगितलं तर ती माहिती ठरते आणि नंतर सांगितलं तर सबब, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते.

आता यंत्राविषयी. त्याचं टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा कंप पावतं, पण त्याची हालचाल केसाच्या जाडीइतकीही नसते. टार्टरला हादरे बसून ते तडकतं. सोबत पाण्याचा फवारा असतो, तो टोक गार ठेवतो आणि तुकडे धुऊन नेतो. टोक नीट धरलं तर दाताचं कवच घासलं जात नाही. चुकीच्या कोनात दाबून धरलं तर ओरखडे येतात, म्हणून हे काम शिकलेल्या हातांचं आहे. यंत्र आलं १९५० च्या दशकात. काम फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत दातांच्या रोगांत दंतशर्करा सांगितली आहे आणि ती काढायचं दंतशंकू नावाचं शस्त्रही. दातांच्या मुळांना इजा न करता शर्करा काढावी आणि मग मधात कालवलेलं लाखेचं चूर्ण लावावं, असं तिथं सांगितलं आहे. लाख आणि मध आम्ही वापरत नाही. पहिली अट मात्र आजही आमच्या परीक्षेत जशीच्या तशी विचारली जाते.

दहा-पंधरा वर्षांचं टार्टर एका बैठकीत, वीस मिनिटांत, चकचकीत पॉलिश करून पाठवणारे दवाखाने आहेत. मला त्याचा राग येतो. वरचं, दिसणारं टार्टर पहिल्या दिवशी काढता येतं. आजार हिरडीखाली असतो. तिथलं टार्टर काळं, चिवट, मुळाला चिकटलेलं. ते डोळ्यांना दिसत नाही, सळईच्या टोकाला खरबरीत लागतं. त्यासाठी हिरडीत भुलीचं इंजेक्शन देऊन तोंडाचा एकेक भाग घ्यायचा, यंत्रानं आणि मग हातातल्या बारीक हत्यारांनी मुळं साफ करायची. मग चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त, थांबायचं. थांबणं हासुद्धा उपचारच आहे. तेवढ्यात रक्त थांबतं, सूज उतरते, सात मिलिमीटरचा खड्डा चारवर येतो, कधी येत नाही. पुन्हा मोजायचं. जे खोल खड्डे उरतील तिथं हिरडी उघडून शस्त्रक्रिया. ज्या दाताला हाडच उरलेलं नाही तो काढायचा, आणि ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं. गेलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही. उरलेलं टिकवणं, हा या उपचाराचा हेतू.

इथं आपल्या भागाची दुसरी अडचण उभी राहते. चार-पाच खेपा म्हणजे मजुराच्या चार-पाच दिवसांच्या रोज्या आणि एसटीचं भाडं. पेरणीच्या दिवसांत कुणी येत नाही, वेचणीच्या दिवसांत बाया येत नाहीत. म्हणून मला आमच्या मोफत दंततपासणी शिबिरांबद्दल शंका आहे. फलक, हार, फोटो, शंभरेक तोंडं पाहिली, कागदावर "दात साफ करून घ्या" लिहिलं, संपलं. त्यापेक्षा दहाच माणसं घ्या आणि त्यांच्या सगळ्या खेपा पूर्ण करा. तुमच्या अमरावतीत तपोवन-वडाळी रस्त्यावर विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचं दंत महाविद्यालय आहे. अशा शिकवणाऱ्या रुग्णालयांत खर्च कमी असतो आणि वेळ जास्त लागतो, कारण विद्यार्थी करतो आणि शिक्षक तपासतो. हिरड्यांच्या उपचारात तो जास्तीचा वेळ वाया जात नाही.

आणि लाज. याबद्दल आम्हा डॉक्टर लोकांना दोन शब्द. वर्षानुवर्षं न आलेला माणूस खुर्चीत बसून तोंड उघडतो तेव्हा त्याला स्वतःच्या तोंडाचा वास ठाऊक असतो. बाई पदर तोंडावर धरून बोलते. तेव्हा "इतके दिवस काय करत होता?" हा प्रश्न विचारला की तो माणूस दुसऱ्या खेपेला येत नाही. प्रश्नाचं उत्तरही उपचाराच्या कामाचं नसतं.

खर्ऱ्याबद्दल न बोलता वऱ्हाडात दातांवर बोलणं शक्य नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा टार्टरवर काळा लेप चढवतो, हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारं जास्त वाईट आहे. गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं, तोंड कमी उघडतं. तीन बोटं उभी तोंडात जात नाहीत अशा तरुणाच्या मागच्या दाढांपर्यंत माझं यंत्रच पोचत नाही. उपचार करायचा तरी कसा? बिडी-सिगारेट ओढणाऱ्याची फसगत वेगळीच. त्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं आणि आत हाड झिजत राहतं. बायांमधलं मिश्री आणि गुडाखूचं व्यसन तर दात घासण्याच्या नावाखाली चालतं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे. दाताला तंबाखू लावण्याची सवय त्या कागदानं सुटलेली नाही.

मधुमेह असेल तर हिरड्यांचा आजार जोरात वाढतो, आणि हिरड्यांची सूज साखरही वर नेते. दोन्ही बाजूंनी हे चालतं. हिरड्यांचा नीट उपचार झाल्यावर पुढच्या तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, साधारण ०.४ टक्क्यांनी उतरल्याचं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं आहे. साखरेची तपासणी दर तीन महिन्यांनी करणाऱ्या कितीजणांनी हिरड्या एकदा तरी दाखवल्या आहेत? हात वर करू नका, मला अंदाज आहे.

घरचं काम थोडक्यात. ब्रश मऊ घ्या. तो दातावर आडवा फरफटवू नका. केस हिरडीच्या कडेला तिरपे लावा आणि जागच्या जागी हलवा. ज्यांच्या दातांत फटी पडल्या आहेत त्यांनी बाटलीच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा ब्रश आणावा, तो फटीत घालून रोज रात्री फिरवावा. पहिले काही दिवस रक्त येईल. तेव्हा थांबू नका, कारण आठवडा-दोन आठवड्यांत ते येणं बंद होतं. कडुनिंबाच्या काडीवर माझा राग नाही. चावून केलेली कुंची बाहेरून बरं काम करते, पण दातांच्या मागे, जिथं तुम्ही आत्ता जीभ फिरवलीत, तिथं ती पोचत नाही. राखुंडी, विटेचा भुगा, कोळसा मात्र बंद. आणि उपचार पूर्ण झाल्यावर पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी दाखवायला या. किटण पुन्हा बसणारच, लाळ काही बंद होत नाही. लोक इथंच गळतात: दात छान झाले, कशाला जायचं?

पहिल्यांदा येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा, साखरेचा शेवटचा रिपोर्ट आणा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आपल्या मनानं बंद करून येऊ नका. तसं आधी सांगा, बाकीचं आम्ही तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतो. हृदयाची झडप बदललेली असेल तर तेही आधी सांगा, कारण उपचाराआधी अँटिबायोटिकची मात्रा द्यावी लागते. गरोदर बाईनं घाबरू नये. मधले तीन महिने यासाठी सोयीचे. आणि घरून जेवून निघा, उपाशी पोटी आम्ही भूल देत नाही.